झुंबर, पायपेटी आणि 'बघू'

मार्च २०२५ मधली गोष्ट. म्हणजे तशी ती सुरू झाली त्याच्या दोन-अडीच महिने आधी, ऑफिसच्या कँटीनमध्ये. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' मुंबईला येतंय, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये, आणि मार्चचे काही आठवडे प्रयोग करून पुढे जाणार, अशी बातमी आमच्या टीममधल्या एकाने आणली. हा गडी चार वर्षं न्यू जर्सीला ऑनसाइट होता. न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे 'फँटम' जानेवारी १९८८ पासून चालू होतं. चार वर्षांत दर वीकेंडला तो म्हणायचा, "बघू, जाऊ कधीतरी, ते कुठे पळून चाललंय!" आणि १६ एप्रिल २०२३ ला ते पळून गेलं. ३५ वर्षं आणि १३,९८१ प्रयोग झाल्यावर ब्रॉडवेवरचा मुक्काम संपला. तोपर्यंत हा पुण्यात परतून हिंजवडीच्या सिग्नलला उभा होता.

त्यामुळे यावेळी त्याने टेबलावर हात आपटला. "मी जाणार. कोण येतंय?"

सहा जण तयार झाले. मी, बायको आणि चार मित्र. लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, आणि मी एक्सेल शीट काढली. (हो, नाटकाला जायला एक्सेल शीट. हसू नका. चार आकडी तिकीट काढून घाटात ट्रेलरच्या मागे अडकलेल्या माणसाला विचारा.) आज लिहायचंय ते त्या शीटबद्दल. आणि शीट करता करता जे लक्षात आलं, त्याबद्दल.

तर पहिली आवृत्ती. सहाच्या सहा जण तिशी-चाळिशीतले, धडधाकट. दुपारी दोनला पुण्यातून निघायचं, वाटेत फूड मॉलला वडापाव, थेट थिएटर, नाटक, मग कुठेतरी जेवण, रात्रीतून परत, रविवारी बारापर्यंत झोप. चार ओळींचा प्लॅन. बफर शून्य. रिलीजच्या बाबतीत असा प्लॅन कुणी दाखवला असता, तर मी त्याला मीटिंगमधून बाहेर काढला असता. पण स्वतःच्या वीकेंडला आपण वेगळे नियम लावतो.

मग प्रयोगाला तीन आठवडे असताना आमच्यातलं एक जोडपं गळालं. क्लायंट व्हिजिट. दोन तिकिटं रिकामी. ग्रुपवर "कुणाला हवीत का?" सुरू झालं. बायको स्वयंपाकघरातून सहज म्हणाली, "आई-बाबांना नेऊ या का?"

मी गप्प झालो. नको म्हणायचं होतं म्हणून नव्हे, तर इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं म्हणून. माझे बाबा म्हणजे नाट्यसंगीतावर पोसलेला माणूस. आजोळी, सांगलीला, उरुसा-उत्सवातली नाटकं रात्र रात्र जागून बघितलेला. आमच्या घरी रेडिओवर नाट्यपद लागलं की बोलायची बंदी असायची. आणि मी संगीत नाटकाला, इंग्रजी का असेना, सहा तिकिटं काढतो, त्यातलं एकही त्यांचं नाही!

विचारल्यावर आईचं उत्तर ठरलेलंच. "कशाला रे उगाच आमचं लचांड? तुम्ही तरुण माणसं जा." बाबा म्हणाले, "इंग्रजी गाणी मला कळायची नाहीत." मी म्हटलं, "तिकिटं आहेत. फुकट जातील." यावर मात्र बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "फुकट? मग येतो की." मराठी मध्यमवर्गाला कुठे हलवायचं असेल, तर हे एक बटण दाबावं. :)

इथून शीटची दुसरी आवृत्ती सुरू झाली. आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट बदलली की जुन्या डिझाइनमधल्या सगळ्या फटी दिसायला लागतात. इथेही तेच झालं. त्र्याहत्तर वर्षांचे बाबा (कानाला मशीन, गुडघे कुरकुरणारे) आणि आई (जिला तीन तासांत एकदा तरी उठावंच लागतं), एवढ्या दोन ओळी वाढवल्या आणि जुना प्लॅन पत्त्यांच्या बंगल्यासारखा पडला. जे शिकलो ते सांगतो. तुमच्याही उपयोगी पडेल.

एक. प्लॅन शेवटाकडून करायचा. आपण नेहमी "किती वाजता निघायचं?" इथून सुरू करतो. खरा प्रश्न असतो, "रात्री झोपायचं कुठे?" मुंबईहून पुण्याला रात्रीतून परत यायचं म्हणजे अडीच तासांच्या नाटकानंतर तीन-साडेतीन तासांचा प्रवास, आणि चालवणारा अर्धवट झोपेत. गाडीत म्हातारी माणसं असताना हे करायचं नाही. रेल्वेनेही सोय नव्हती, कारण डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईहून सुटते, पडदा वर जायच्या कितीतरी आधी. म्हणून चेंबूरच्या मावशीकडे मुक्काम ठरला. मुक्काम ठरला आणि बाकीचं आपोआप सुटत गेलं. घाई संपली.

दोन. पडदा वर जायची वेळ हा शून्य धरायचा आणि मागे मोजत यायचं. असले दौऱ्यावरचे मोठे प्रयोग वेळेवर सुरू होतात. उशिरा आलात तर मधली योग्य जागा येईपर्यंत बाहेर उभं करतात. 'फँटम'मध्ये तर सुरुवातीच्या काही मिनिटांतच ते प्रसिद्ध झुंबर वर चढतं. ते चुकलं तर अर्धे पैसे तिथेच गेले. म्हणून शून्य वजा पाऊण तास, थिएटरच्या दारात. त्याआधी दीड तास, माटुंग्याला इडली आणि कॉफी. त्याआधी पुणे ते माटुंगा चार तास धरले. नकाशा तीनच्या आसपास दाखवत होता. वरचा एक तास बोरघाटाच्या नावाने. ग्रुपवर सगळ्यांनी यथेच्छ खिल्ली उडवली. प्रत्यक्षात खंडाळ्याच्या उतारावर पन्नास मिनिटं गेली. वाशीच्या नाक्यावर तरी थांबावं लागलं नाही. मुंबईत शिरताना छोट्या गाड्यांना टोल माफ झालाय ऑक्टोबर २०२४ पासून. आम्ही माटुंग्याला टेकलो, तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं आधीच होतो. त्या इडलीची चव बफरची होती, हे मी त्या दिवसापासून सगळ्या ज्युनिअर्सना सांगत फिरतो.

तीन. खुर्च्या. आपण रांग बघतो, किंमत बघतो आणि बटण दाबतो. बघायचं असतं ते छत. बाल्कनीच्या पोटाखाली फार मागे बसलात तर रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो, आणि ज्या नाटकाचं आकर्षणच वर टांगलेलं आहे, ते तसं बघण्यात अर्थ नाही. आमची रांग सुदैवाने पुढे होती. पण मी आणि बायको रांगेच्या मध्यभागी आणि कडेला मित्र, अशी वाटणी होती. म्हातारी माणसं कडेला हवीत. गुडघा लांब करता येतो, उठायचं झालं तर बारा जणांच्या पायांवरून जावं लागत नाही. मित्रांनी एका मेसेजवर कडेच्या खुर्च्या दिल्या. विचारलं तर लोक देतात. आपण विचारत नाही.

चार. मध्यंतर. हे गणित मी मीटिंगमध्ये कंटाळलो असताना केलं होतं. तिथलं मोठं नाट्यगृह २००० खुर्च्यांचं. मध्यंतर साधारण वीस मिनिटांचं. निम्मे लोक उठले तरी हजार माणसं, म्हणजे मिनिटाला पन्नास. आईला मध्यंतराच्या रांगेत उभी करायची म्हणजे दुसरा अंक बुडवायचा. उपाय साधा. दिवे लागल्याबरोबर कडेच्या खुर्चीवरून ताबडतोब निघायचं, टाळ्या नंतर घरी वाजवायच्या. आई आठव्या मिनिटाला परत जागेवर होती आणि चेहऱ्यावर विजयी हसू होतं.

पाच. बाहेर पडणं. २००० माणसं एकाच मिनिटाला गाडी बोलावतात. गाडीत सरासरी तिघं धरली तरी साडेसहाशे गाड्या एकदम. आमच्या क्षेत्रातला हा फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे. सगळे धावतात तेव्हा आपण थांबायचं. आम्ही वीस मिनिटं आत लॉबीत निवांत बसलो, माणसं न्याहाळली, मग निघालो. रस्ता मोकळा होता.

आणि सहा, जे कुठल्याच यादीत नसतं. गोष्ट आधी सांगून ठेवायची. हल्ली 'स्पॉइलर' नावाचं एक भूत झालंय. पण 'फँटम'मध्ये नुसते संवाद असे थोडेच, बहुतेक सगळं गाण्यातून पुढे जातं, तेही ऑपेराच्या उंच स्वरात. अँड्र्यू लॉइड वेबरच्या चाली कानावर नसतील आणि गोष्ट माहीत नसेल तर पहिला अर्धा तास 'कोण कुणाचं कोण' यातच जातो. मी बाबांसाठी मराठीत एक पानभर गोष्ट लिहिली. पॅरिसचं ऑपेरा हाउस, तळघरात राहणारा विद्रूप संगीतकार, त्याने चोरून शिकवलेली गायिका, तिचा बालमित्र. गॅस्टन लरूच्या कादंबरीवरून घेतलंय, आणि पॅरिसच्या त्या ऑपेरात १८९६ साली झुंबराचं एक वजन खरोखरच कोसळून एक बाई दगावली होती, हेही लिहिलं. बाबांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सौभद्राला जाताना काय आम्हाला गोष्ट माहीत नसायची? सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. गोष्ट बघायला कोण जातं? आज कसा गातो, ते बघायला जायचं."

हे वाक्य मी प्लॅनिंगच्या शीटमध्ये कुठे टाकावं, मला कळेना. पण सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती.

आता प्रत्यक्ष त्या रात्रीबद्दल थोडं. परीक्षण लिहायचा माझा वकूब नाही. दिवे गेले, लिलावाचा छोटा प्रवेश झाला, आणि मग झुंबर उजळलं आणि ऑर्गनचा तो प्रचंड स्वर अंगावर आला. मी झुंबराकडे बघायचं सोडून बाबांकडे बघितलं. ते खुर्चीत पुढे सरकून ताठ बसले होते. मध्यंतरात म्हणाले, "पायपेटीच आहे की रे ही. जरा मोठी आहे, एवढंच."

आम्ही सगळे हसलो. पण त्यांचं बरोबरच होतं. आमच्या संगीत नाटकात रंगमंचासमोरच्या खड्ड्यात एका बाजूला ऑर्गन आणि एका बाजूला तबला. पायाने भाता मारायचा तो ऑर्गन वाजला की नांदी आली, हे समीकरण. हे वाद्य आपल्याकडे आलं साहेबाकडूनच. म्हणजे त्या रात्री बाबा जे ऐकत होते, ते परकं नव्हतंच त्यांना. शब्द कळत नव्हते, पण खोली ओळखीची होती.

आणि नाटकाचा दौरा ही काही ब्रॉडवेवाल्यांची मक्तेदारी नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केलं आणि पुढे १८५३ मध्ये ते मंडळी घेऊन मुंबईला आले. घाटातून रेल्वे जायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता. (आणि आम्ही पन्नास मिनिटं थांबलो म्हणून कुरकुरत होतो!) ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, आणि पुढची कित्येक वर्षं किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श अशा कंपन्या गावोगाव मुक्काम करत हिंडल्या. पडदे, पेटारे, आचारी, सगळं बरोबर. गावात कंपनी आली की लोक बैलगाड्या जुंपून यायचे, कारण ती जाणार हे माहीत असायचं. पदांना वन्स मोअर पडत राहायचे, पहाट व्हायची. परतीचा प्रश्नच नव्हता, उजाडल्यावर निघायचं. म्हणजे बांद्रा-कुर्ला संकुलात मार्च महिन्यात जे झालं, तो कंपनीचा मुक्कामच. पेटारे जरा मोठे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आम्ही पुण्याला निघालो. गाडीत वाऱ्याचा आवाज मशीनमध्ये घोंगावतो म्हणून बाबा ते काढून खिशात ठेवतात. घाट चढताना त्यांनी ते परत कानात घातलं. म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"छान झालं हं सगळं. इतकी वर्षं कुठल्या नाटकाला असं राजासारखं गेलो नव्हतो." मग थोडं थांबून, "तान मात्र आता मला सपाट ऐकू येते. वरचे सूर मशीन नीट देत नाही. त्या पोरीचा शेवटचा वरचा सूर लागला ना, तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले म्हणून मला कळलं."

तक्रारीचा सूर नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. पण मला एकदम २०१० साल आठवलं.

२०१० मध्ये राहुल देशपांडेंनी 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा रंगमंचावर आणलं. मूळ नाटक डिसेंबर १९६७ चं. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुलचे आजोबा वसंतराव. बाबांनी वसंतरावांना ऐकलं होतं. नातू गातोय म्हटल्यावर ते मला म्हणाले होते, "अरे, एकदा जाऊ या. पुण्यातच आहे." मी नुकताच नोकरीला लागलेलो, नवी बाइक, नवे मित्र. मी म्हटलं, "बघू."

तेव्हा बाबांचे कान ठणठणीत होते.

मग एकदा रिलीज होतं. मग तिकिटं संपली. मग माझं ऑनसाइट. मग २०१५ मध्ये 'कट्यार'चा सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे मल्टिप्लेक्सला गेलो, पॉपकॉर्न खाल्लं, आणि मी मनातल्या मनात तो आयटम क्लोज केला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो रीओपन केला असता तरी चाललं असतं, पण आपली माणसं रीओपन करत नाहीत.

आता माझा मुद्दा. सोमवारी ऑफिसमध्ये दोन प्रकारची मतं ऐकायला मिळाली. एक म्हणाला, "एवढे पैसे घालवून साहेबाचं नाटक बघायला जाता, त्यात मराठी नाटकं वर्षभर बघून झाली असती. शोबाजी नुसती." दुसरा म्हणाला, "आपल्याकडे असं काही होतच नाही रे, म्हणून जावं लागतं." मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याला माझं उत्तर असं, की बाबा रे, हिशेब बरोबर आहे तुझा, मराठी नाटकाचं तिकीट बहुधा तीनशे-पाचशेत मिळतं. पण तू वर्षभरात किती बघितलीस? आणि दुसऱ्याला असं, की होतं, पुष्कळ होतं. आवली आणि लखूबाई अशा दोनच पात्रांवर उभं राहिलेलं 'संगीत देवबाभळी' २०१७ मध्ये आलं आणि गावोगाव हिंडलं. थिएटरमध्ये रडणारी माणसं मी स्वतः बघितली आहेत. पण तेही मी बघितलं ते एकट्याने, ऐनवेळी तिकीट मिळालं म्हणून. बाबांना नेऊ, "बघू" म्हणून.

'फँटम'ची रात्र चांगली झाली ती त्याच्या झुंबरामुळे कमी आणि आमच्या शीटमुळे जास्त, असं मला आता वाटतं. ते महाग होतं, लांब होतं आणि जाणार होतं. म्हणून आम्ही अडीच महिने त्याला कॅलेंडरमध्ये जागा दिली, मुक्काम ठरवला, खुर्च्या बदलून घेतल्या, मशीनचे सेल नवे टाकले, गोष्ट लिहून दिली. यातलं एकही काम फक्त इंग्रजी नाटकालाच करता येतं असं नाही. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जायला घाट लागत नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून त्याच जागी आहे. पण जे वीस मिनिटांवर आहे, ते कायम तिथेच राहणार असं आपण धरून चालतो, आणि म्हणून त्याला कधी तारीखच देत नाही. रंगमंदिर राहील हो. प्रयोग राहत नाहीत. निर्मात्याला परवडेनासं होतं, नट मालिकेत अडकतात, एका सकाळी जाहिरात यायची बंद होते. सगळीच नाटकं दौऱ्यावर आहेत. काहींच्या पोस्टरवर शेवटची तारीख छापलेली असते, बाकीच्यांच्या नसते, इतकाच काय तो फरक.

आणि बघणारी माणसंही दौऱ्यावरच असतात. मरणाबिरणाचं बोलत नाहीये मी. बाबा ठणठणीत आहेत, रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. पण माणूस एकदम जात नाही. आधी बाल्कनीचा जिना जातो. मग रात्रीचा प्रयोग जातो, दुपारचा चालतो. मग तानेतले वरचे सूर जातात. प्रत्येक गोष्टीची एक्स्पायरी वेगळी, आणि कुणी ईमेल पाठवून कळवत नाही. २०१० मधलं 'कट्यार' आज मी कितीही पैसे टाकून, कितीही चांगली शीट करून बाबांना दाखवू शकत नाही. नाटक पुन्हा कुणी केलं तरी ते २०१० चे कान कुठून आणणार?

त्यामुळे मी आता घरात एक नियम केलाय. 'बघू' म्हणायचं नाही. एकतर तारीख सांगायची, नाहीतर सरळ 'नाही' म्हणायचं. नाही म्हटलं की निदान समोरच्याला कळतं, ते स्वतःची सोय करतात, शेजारच्या काकांबरोबर जातात. 'बघू'ने ते पंधरा वर्षं वाट बघत बसतात.

शनिवारी सकाळी पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान येतं. बाबा ते सगळ्यात आधी वाचतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. ते का वाचतात, हा प्रश्न मला चाळिशी जवळ आल्यावर पडला. आता मी ते पान त्यांच्यानंतर वाचतो. पुढच्या महिन्यात एका संगीत नाटकाचा रविवारी दुपारचा प्रयोग आहे. तिकिटं काढली. पाचवी रांग, कडेच्या दोन खुर्च्या आणि शेजारच्या दोन. पुढे बसलं की गायकाचे ओठ दिसतात, आणि ओठ दिसले की मशीन जे देत नाही त्यातलं थोडं डोळे भरून काढतात, असं बाबाच म्हणाले.

आणि हो, त्यांना "येणार का?" असं विचारलं नाही. विचारलं की "कशाला" येतं. तिकिटं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काढली आहेत. फुकट जातील."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला.